ब्लॅकआउटमधला चेहरा

पहिल्या अंकातल्या एका प्रवेशाच्या शेवटी उत्तराने दिवे जाईपर्यंत रडायचं, असं नाटक बसवतानाच ठरलं होतं. किती रडायचं ते तिच्या हातात नव्हतंच. दिवे गेले की हुंदका गिळायचा, पदर सावरायचा, उठायचं आणि डाव्या विंगेत जायचं. ‘सव्वादोन माणसं’चे प्रयोग गेली चार वर्षं चालू होते आणि या रडण्यात एकदाही गडबड झाली नव्हती. त्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला मात्र दिवे गेले तरी उत्तरा रडतच राहिली.

प्रेक्षक आधी भारावून गप्प बसले. मग त्यांना वाटलं, काहीतरी बिघाड झालाय. तरीही काळोखातले हुंदके थांबायचं नाव घेईनात, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई स्वतःच मुसमुसायला लागल्या. विंगेत नाटकाचा व्यवस्थापक कांदळकर कपाळाला हात लावून उभा होता. त्याच्यामागे दोन माणसं पुढच्या प्रवेशाचा सोफा उचलून ताटकळलेली, कारण बाई उठल्याशिवाय सोफा ठेवणार कुठे? कांदळकरने दोन्ही हात हलवले, पाय आपटला, शेवटी दबक्या आवाजात ओरडला, “ओ बाई! काळोख झालो! उठा आता!”

उत्तराला तो अगदी स्पष्ट दिसत होता. हा माणूस भर प्रवेशात असे हातवारे का करतोय, तेच तिला कळेना. तिच्या लेखी दिवे गेलेच नव्हते. साडीचा डाळिंबी रंग तेवढा राखाडी झाला होता आणि रंगमंचावर एक फिकट, बिनरंगाचा उजेड पसरला होता. लाइटवाल्याने आज नवीन काहीतरी करून बघितलंय, असं समजून तिने आणखी दोन हुंदके घातले.

शेवटी शिरीष चाचपडत आला. शिरीष म्हणजे तिचा नवरा, नाटकातलाही आणि घरातलाही. त्याने तिच्या खांद्याला धरून कानात म्हटलं, “ऊठ गं बाई. ब्लॅकआउट आहे.” आणि मग उत्तराला काय झालंय ते उमगलं. मध्यंतरात मेकअपरूममध्ये हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

“आदी तुमका काळोखात दिसत नाय हुता म्हणान त्रास,” कांदळकर चहाचे कप मांडत म्हणाला, “आता दिसता म्हणान त्रास. आमी करूचा तरी काय?”

त्याचं म्हणणं खरंच होतं. उत्तराला जन्मापासून रातांधळेपणा होता. दिवसा सगळं ठीक, पण दिवे गेले की ती भिंतीसमोर उभी. सिनेमाला गेली तर खुर्ची शोधायला माणूस लागायचा. आणि अशा बाईने धंदा निवडला तो नाटकाचा, जिथे दर दहा मिनिटांनी काळोख होतो आणि त्या काळोखात नटांनी कशालाही न धडकता नाहीसं व्हायचं असतं. लग्नाच्या आधीपासून शिरीष तिला ब्लॅकआउटमध्ये कोपराला धरून बाहेर काढायचा. ‘सव्वादोन माणसं’ हे दोघांचंच नाटक, प्रसंग छोटे छोटे आणि ब्लॅकआउट पावलोपावली. लोक कौतुकाने म्हणत, या जोडप्याचा संसार काळोखात चांगला चालतो. शिरीषला हा विनोद फार आवडायचा, तिला तितकासा नाही. पंचावन्नाव्या वर्षीही आपल्याला कुणीतरी धरून न्यावं लागतं, याची तिला मनातून लाज वाटायची.

डॉक्टर शबाना इनामदार भेटल्या त्या या लाजेपोटीच. पुण्याच्या एका नेत्रसंशोधन संस्थेत त्या नवीन औषधाच्या चाचण्या घेत होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी उत्तराला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी. एकेका दंडपेशीत एका रंजकद्रव्याचे दहाएक कोटी रेणू रचलेले असतात. प्रत्येक रेणूच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेली एक वाकडी साखळी बसलेली असते. प्रकाशाचा एक कण, अगदी एकच, येऊन तिच्यावर आदळला की साखळी सरळ होते आणि पेशी मेंदूला निरोप धाडते की उजेड आला. उत्तराच्या दंडपेशी जिवंत होत्या, पण त्यांच्यातलं रंजकद्रव्य मुळातच नीट घडत नव्हतं.

“गढूळ पाण्यातल्या काही माशांच्या डोळ्यांत ही साखळी जराशी वेगळी असते,” इनामदार म्हणाल्या होत्या. “आपल्याला न दिसणारा लालसर उजेडही ती टिपते. तिच्यावरून आम्ही एक नवी साखळी बनवली आहे. तुमच्या दंडपेशी ती आपणहून उचलतील. शिवाय लख्ख उजेडातून काळोखात गेलं की चांगल्या डोळ्यालाही सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हिला दोन सेकंद पुरतात. आठवड्याला एक कॅप्सूल घ्यायची.”

“म्हणजे मला माशाचे डोळे येणार?”

“साखळी माशाची. डोळे तुमचेच, उत्तराताई.”

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. निसर्गाने माणसाला दिलेला रेणू सहजासहजी हलत नाही. प्रकाश नसताना नुसत्या शरीराच्या उष्णतेने तो आपोआप सरळ व्हायचा तर शेकडो वर्षांतून एखाद्या वेळी. नवा रेणू जास्त हळवा. हलक्या हाताने उघडणारं दार वाऱ्यानेही उघडतं, तसा तो उजेड नसतानाही कधीकधी सरळ होणार आणि मेंदूला खोटा निरोप जाणार. मेंदूला खरा निरोप कुठला आणि खोटा कुठला हे कळायला मार्ग नाही. उत्तराने मान डोलावली आणि हे सगळं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. तिला फक्त स्वतःच्या पायांनी विंगेत जायचं होतं.

आणि ती गेली. त्या रडण्याच्या घोटाळ्यानंतर तिने दिवे जाण्याची खूण ठरवून घेतली. रंग गेले की ब्लॅकआउट. त्यानंतरचे काही आठवडे तिच्या आयुष्यातले फार मजेचे होते. ब्लॅकआउटमध्ये प्रेक्षक काय करतात हे नटांना कधीच दिसत नाही. तिला दिसायला लागलं. काळोख होताच अख्खं प्रेक्षागृह सैल व्हायचं. कुणी नाक कोरायचं, कुणी पर्समधला वडा काढून पटकन एक घास घ्यायचं. पोटावर हात बांधून गंभीरपणे नाटक बघणारे एक गृहस्थ दर ब्लॅकआउटला बायकोच्या दंडाला चिमटा काढायचे. दिवे आले की सगळे पुन्हा सभ्य. उत्तरा घरी येऊन शिरीषला या नकला करून दाखवायची आणि तो पोट धरून हसायचा.

तिने त्याचा हात सोडला होता, हे मात्र दोघांपैकी कुणीच बोललं नाही. आता ब्लॅकआउट झाला की ती ताडताड चालत आपल्या विंगेत जायची.

पण तिची झोप उडाली. डोळे मिटले तरी काळोख होईना. पापण्यांच्या आत एक करडा कोंडा सतत भुरभुरत राहायचा. दुपारी प्रयोगाच्या आधी पडावं तर तेच. डोळ्यांवर टॉवेल बांधला, खिडक्यांना जाड पडदे लावले, पलंगाची दिशा बदलली, काही उपयोग नाही. थंड पाण्याने अंघोळ केली की जरा निवळायचं, स्वयंपाकघरात गॅसजवळ उभं राहिलं की वाढायचं. ती घरभर येरझारा घालायला लागली. मिक्सर लावायचा आणि दाणे भाजायचे विसरलेत म्हणून बंद करायचा, पुस्तक उघडायचं आणि पानभर वाचून ठेवून द्यायचं, असं तिचं चाललेलं. काळोख ही इतकी हवीहवीशी गोष्ट आहे, हे जन्मभर काळोखाला घाबरलेल्या बाईला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं.

अशाच एका अपुऱ्या झोपेच्या शनिवारी तिला शिरीषचा चेहरा दिसला.

दुसऱ्या अंकातला एक ब्लॅकआउट होता. ती आपल्या विंगेत पोचली आणि सहज मागे वळली. शिरीषने उजव्या विंगेत जायचं होतं. तो गेला नव्हता. रंगमंचाच्या मधोमध खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकून उभा होता आणि चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या माणसासारखा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. त्याचे ओठ भराभर हलत होते. चेहऱ्यावर भीती होती, उघडी भीती. इतक्या वर्षांत उत्तराने त्याला असं कधीही पाहिलं नव्हतं. मग त्याने खाली पाहिलं. जमिनीवर रेडियमच्या पट्टीचा बाण चमकत होता. त्या बाणावर पाय ठेवत ठेवत तो बाहेर गेला. दिवे आले तेव्हा तो ऐटीत परत आला, आपलं वाक्य बरोब्बर जागेवर टाकलं आणि टाळी घेतली.

उत्तरा हातातला ट्रे ठेवायचा विसरून त्याच्याकडे बघत राहिली. प्रेक्षकांना वाटलं, भूमिकेतच आहे.

शिरीषचं पाठांतर म्हणजे सगळ्या व्यवसायात दाखला होता. दुसऱ्याचं वाक्य चुकलं तर तो आपल्या वाक्यात ते बेमालूम दुरुस्त करून टाकायचा आणि विंगेत आल्यावर त्या बिचाऱ्याची सालटी काढायचा. असा माणूस काळोखात वाट विसरतो? पुढच्या प्रयोगातही तिने पाहिलं. पुन्हा तेच. उजेडात काही अडचण नव्हती. कप दिसला की कपाचं वाक्य यायचं, खिडकी दिसली की खिडकीचं. दिवे गेले की हाताशी काही उरत नव्हतं आणि मग आपण कुठल्या प्रवेशात आहोत हेच त्याला कळेनासं होत होतं.

प्रयोगानंतर सामान आवरताना तिने कांदळकरला विचारलं, “जमिनीवर एवढ्या पट्ट्या कधीपासून लावताय?”

“दिवाळीच्या आदी. सरांनीच सांगितल्यानी. बाईंसाठी लाव म्हणाले.”

दिवाळीच्या आधी तिची कॅप्सूल सुरू झालेली नव्हती. आणि तिच्या तेव्हाच्या डोळ्यांना रेडियमची पट्टी काय, रेडियमचा डोंगर दिसला नसता. हे जगात सगळ्यांत चांगलं कुणाला ठाऊक असेल तर ते शिरीषलाच.

दुसऱ्या दिवशी घरी तो मटार सोलत बसला होता. उत्तरा समोर येऊन बसली, उठली, पुन्हा बसली.

“शिरीष, ब्लॅकआउटमध्ये तुला काय होतं?”

“काय होणार? काळोख होतो.”

“तू मध्येच उभा राहतोस. कुठे जायचं ते तुला कळत नाही. मी पाहिलंय.”

तो हसला. त्याचं हसणं एका क्षणाने उशिरा आलं, हे तिच्यासारख्या नटीच्या नजरेतून सुटलं नाही. “परवा तू कपाटावर मांजर पाहिलंस,” तो म्हणाला. “बोल, पाहिलंस की नाही? आपल्याकडे मांजर आहे?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? तुझ्या डोळ्यांत त्या औषधाने मुंग्या भरल्यात. त्यात तुला मांजर दिसतं, मी दिसतो, उद्या नटराज नाचताना दिसेल. आणि त्याच्यावरून तू मला वेड्यात काढणार?” त्याने एक शेंग इतक्या जोरात सोलली की दाणे टेबलाखाली गेले. ते वेचायला तो वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

मांजराचं खरं होतं. तेच उत्तराला छळत होतं. आपल्याला दिसलेली भीती शिरीषच्या चेहऱ्यावर होती, की आपल्याच डोळ्यांतल्या कोंड्यातून मेंदूने एक चेहरा जुळवून काढला? आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचे डोळे खोटे ठरायला हवे होते. इतक्या तळमळीने तिने आजवर काहीच मागितलं नव्हतं. ती तडक पुण्याला डॉक्टरांकडे गेली.

इनामदारांनी आधी तिच्या डोळ्यांची तपासणी केली. ती बराच वेळ चालली. मग त्या म्हणाल्या, “मांजर खोटं असू शकतं आणि नवरा खरा असू शकतो. निरोप दोन्हींचे सारखेच येतात. पण खोटे निरोप उष्णतेने येतात, हे लक्षात घ्या. गार केलं की ते कमी होतात. बेडकांवर हे पूर्वीच तपासून झालंय. थंड बेडूक गरम बेडकापेक्षा जास्त अंधुक उजेडात बघू शकतो.”

“म्हणजे आता मी बेडूक होऊ? मासा झालेच आहे.”

“डोळ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवा, अर्धा तास. नंतर थोडा वेळ कोंडा बसेल. तेव्हा जे दिसेल ते खरं धरा.” इनामदार हसल्या नाहीत. “पण मला तुमच्याशी दुसरं बोलायचंय. तुमच्या दंडपेशींना विश्रांतीच मिळत नाहीये. त्या सतत उजेड असल्यासारख्या राबतायत. पडद्याच्या कडेला झीज सुरू झालेली दिसतेय. माझं ऐकाल तर कॅप्सूल आजपासून बंद करा. दंडपेशी रोज थोडं थोडं नवं अंग घडवते आणि टोकाचं जुनं गळून जातं. दहा-बारा दिवसांत हे रंजकद्रव्य निघून जाईल.”

“आणि चालू ठेवलं तर?”

“दोन-तीन वर्षांत दंडपेशी मरतील. त्या गेल्या की शंकुपेशीही फार दिवस तग धरत नाहीत. मग दिवसाचंही दिसणार नाही.”

परतीच्या गाडीत उत्तरा खिडकीपाशी बसून हाताची बोटं मोडत राहिली. चालू ठेवलं तर डोळे जाणार. बंद केलं तर काळोखात तिला दिसणार नाही, आणि शिरीषबद्दल जे दिसलं ते खरं असेल तर त्याला वाट आठवणार नाही. भरल्या प्रेक्षागृहासमोर दोघांनी मग चाचपडायचं कुणाच्या भरवशावर? आणि खरं असेल तर त्याला नाटकातून थांबवायचं कुणी? त्याचा श्वास म्हणजे नाटक. तो थांबला की त्याचं काय उरेल, या विचाराने तिला गाडीतून उतरून पळत सुटावंसं वाटलं.

घरी येऊन तिने सांगितलं, “कॅप्सूल बंद केल्या मी.”

“बरं केलंस,” शिरीष लगेच म्हणाला. जरा जास्तच लगेच. मग काळजीने विचारलं, “डोळ्यांना काही झालं नाही ना?” ती काळजी मात्र अस्सल होती. त्याने तिच्या दोन्ही पापण्यांवरून अंगठा फिरवला आणि तिला रडू आलं. या वेळी दिवे जायची वाट न बघता ती थांबली.

पुढचा प्रयोग एका लहान गावात होता आणि तिथल्या नाट्यगृहाचा एसी, मराठी रंगभूमीच्या परंपरेला जागून, बंद होता. प्रेक्षक तिकिटाने वारा घेत होते. दिव्यांखाली उत्तरा घामाने निथळत होती. त्या दिवशी ब्लॅकआउट झाला आणि तिच्या डोळ्यांत नुसता धुमाकूळ उठला. रिकाम्या खुर्च्यांवर माणसं बसलेली दिसली. विंगेत कधीच वारलेली सासू दिसली, तीही भाजी निवडताना. शिरीष एकाच वेळी दोन ठिकाणी दिसला, एक रडणारा आणि एक जांभई देणारा.

उत्तराला इतका आनंद झाला की तिने पुढचा प्रवेश दुप्पट जोरात केला. म्हणजे सगळं खोटंच! परत येताना बसमध्ये तिने कांदळकरच्या डब्यातल्या घावनांचा फडशा पाडला, शिरीषच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि गाणं गुणगुणायला लागली. शिरीष तिच्या केसांवर थोपटत खिडकीबाहेर बघत होता. हा आनंद घरापर्यंत टिकला. घरी आल्यावर चपला काढता काढता तिला आठवलं, की रेडियमच्या पट्ट्या तर कांदळकरनेही पाहिल्या होत्या. त्या काही तिच्या डोळ्यांनी तयार केलेल्या नव्हत्या.

मग तिने ठरवलं, लांडीलबाडी पुरे. काय ते एकदा कळू दे.

त्यानंतरचा प्रयोग घराजवळ, ठाण्यातच होता. प्रयोगाआधी ती मेकअपरूममध्ये आडवी झाली आणि डोळ्यांवर बर्फाच्या दोन पिशव्या ठेवल्या. मेकअपमन वैतागून बाहेर निघून गेला. थोड्या वेळाने दार वाजलं. पावलांवरून तिने शिरीषला ओळखलं.

“हे काय चाललंय?”

तिने पिशव्या काढल्या नाहीत. समोर बघून बोलायचं झालं असतं तर तिला ते जमलं नसतं. “डॉक्टरांनी सांगितलंय. बर्फ लावल्यानंतर जे दिसेल ते खरं. औषध अजून गेलेलं नाही. आज मी बघणार आहे, शिरीष.”

त्याने खुर्ची ओढली नाही, तिला समजावलं नाही. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. “डोळ्यांचा मेकअप परत करावा लागेल तुला,” एवढं म्हणून तो गेला.

तिसरी घंटा झाली. पहिला अंक सुरळीत पार पडला. मध्यंतरात तिने पुन्हा बर्फ लावला. दुसरा अंक सुरू झाला. तिचं सगळं अंग त्या एका ब्लॅकआउटची वाट बघत होतं, आणि तोंडाने मात्र ती विनोदी वाक्यं बोलत होती आणि लोक हसत होते.

दिवे गेले. रंग गेले.

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच काळोख स्वच्छ होता. कोंडा नाही, मुंग्या नाहीत. खुर्चीची कड, टेबल, जमिनीवरचे बाण, सगळं जागच्या जागी. ती विंगेत पोचली आणि वळली.

शिरीष मधोमध उभा होता. बाण त्याच्या बुटाच्या टोकाशी चमकत होता. आज ती बघतेय हे त्याला माहीत होतं. खाली बघून, बाणावरून, ऐटीत बाहेर जाणं त्याला सहज शक्य होतं. प्रश्नच मिटला असता. मांजर खोटं, तीही खोटी, आणि पुढे जे व्हायचं ते झालं असतं.

त्याने खाली पाहिलंच नाही. त्याने तिच्या दिशेला तोंड वळवलं. त्याला ती दिसत नव्हती, त्यामुळे नजर हातभर चुकीच्या ठिकाणी लागली होती. आणि त्या चुकीच्या ठिकाणाकडे बघत, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे सावकाश ओठ हलवत, अजिबात आवाज न करता तो म्हणाला, “उत्तरा, कुठे जाऊ?”

प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. कुणीतरी चॉकलेटचा कागद सोडवत होतं. एवढ्या सगळ्या लोकांत त्याने हे तिला एकटीलाच सांगितलं होतं.

इतके दिवस लपवल्याचा उत्तराला राग आला, भीती वाटली, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त तिला त्याची माया आली. ती परत रंगमंचावर गेली. कोपराला धरून तिने त्याला फिरवलं आणि उजव्या विंगेत आणलं. तिथे निळा दिवा होता. कांदळकर शिरीषचा कोट धरून उभा होता. दोघांना एकाच विंगेत येताना बघून त्याने तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे नीट बघितल्यावर मिटलं.

“दिसलं?” शिरीषने विचारलं.

“दिसलं.”

त्याने कोटाच्या बाहीत हात घातला. दुसरी बाही त्याला सापडेना, ती तिने धरली. “औषध अजून किती दिवस टिकेल?”

“चार-पाच. फार तर आठवडा.”

“पुन्हा सुरू करायचं नाही हां. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नाही.” त्याने कॉलर नीट केली. “या आठवड्यात प्रयोग किती आहेत?”

“आजचा धरून तीन,” कांदळकर हळूच म्हणाला.

“मग तेवढे करू,” शिरीष म्हणाला. “त्यानंतर मी थांबतो. लोकांना मीच सांगेन, तुम्ही कुणी सांगायचं नाही.”

उत्तराने मान हलवली. रंगमंचावर सोफा लागला होता. कांदळकरने दिवे सोडायला हात वर केला, पण इशारा केला नाही. तो शिरीषकडे बघत थांबला.

शिरीष तिच्या कानाशी वाकला. “आता माझं पहिलं वाक्य काय आहे गं?” त्याने विचारलं.

तिने सांगितलं. त्याने ते एकदा ओठांत म्हणून बघितलं, आणि कांदळकरने दिव्यांचा इशारा देत हात खाली केला.